घोडं अडलं कुठं

दर रविवारी दुपारी साडेतीनला सेनापतींच्या घरातले जेवणाचे टेबल रणांगण होत असे, आणि त्या रविवारीही ते वेळेवर झाले. भांडी आत गेली, हिरवे घोंगडे अंथरले गेले, घोंगड्याखाली जुनी मासिके सरकवून टेकड्या उभ्या राहिल्या आणि फुटक्या आरशाच्या पट्ट्यांची नदी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे वाहू लागली. नदीच्या अलीकडे दंतवैद्यांचे पायदळ, पलीकडे सेनापतींचे घोडदळ, आणि मध्ये पंच म्हणून छापखानेवाले, एका हातात लाकडी पट्टी व दुसऱ्या हातात फासे घेऊन.

सेनापती लष्करात कधीच नव्हते. पाणीपुरवठा खात्यात बसून एकतीस वर्षे त्यांनी नळांचे नकाशे काढले होते. त्या एकतीस वर्षांत खात्यातल्या शिपायाने त्यांना सांगितल्याबरोबर पेलाभर पाणी एकदाही आणून दिले नव्हते. निवृत्तीनंतर मात्र शिशाचे दोनशे बारा शिपाई आणि अठ्ठेचाळीस घोडेस्वार त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. प्रत्येक घोडा त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवला होता, आणि कोणता घोडा कोणत्या रांगेतला हे ते डोळे मिटून, नुसत्या बोटाने चाचपून सांगत.

खेळ समजायला सोपा होता. पट्टीने अंतर मोजून पथके पुढे सरकवायची, दोन पथकांची गाठ पडली की फासे टाकायचे, आणि कोण हरले ते नियमांच्या वहीत पाहायचे. ही वही म्हणजे सेनापतींच्या आयुष्याची कमाई. निळ्या शाईत, रेखीव अक्षरात, नऊ वर्षे खपून त्यांनी तिची सात प्रकरणे लिहिली होती. छापखानेवाल्यांनी तिचे पुस्तक करायचे कबूल केले होते. पहिली सहा प्रकरणे कुणीही लिहिली असती, असे सेनापती स्वतःच म्हणत. सातवे प्रकरण घोडदळाच्या हल्ल्याचे. त्याच्या माथ्यावर आपले नाव ठळक अक्षरांत छापून यावे, एवढीच त्यांची या जगाकडे मागणी उरली होती.

या प्रकरणाचा उगम मात्र त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. वाहत्या नळाची झडप एकाएकी बंद केली की पाण्याचा जो दणका बसतो, तो मोजण्याचे एक सूत्र खात्यात होते. सेनापतींनी त्यातले पाणी काढून घोडा घातला. घोड्याचे वजन, दौडीचा वेग आणि रांगेची लांबी यांचा गुणाकार करायचा, त्यात फाशाचे दान मिळवायचे, आणि येईल तो आकडा म्हणजे धडक. समोर जे असेल ते वाहून जाई. चार वर्षांत त्या घरात घोडदळ एकदाही हरले नव्हते, आणि घोडदळ नेहमी सेनापतींकडेच असे.

त्या रविवारी दंतवैद्यांनी आपला एक रुग्ण बरोबर आणला. उंच, किंचित वाकलेले, हळू बोलणारे गृहस्थ. पोलिसांच्या पागेत सव्वीस वर्षे ते घोड्यांचे डॉक्टर होते, आणि आदल्याच दिवशी दाढ काढलेली असल्यामुळे गालावर हात धरून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. नाव विचारायच्या आधीच सगळे त्यांना पागेवाले म्हणू लागले.

सेनापतींनी नदी ओलांडली. दंतवैद्यांनी आपल्या पायदळाचा चौकोन केला, चारी बाजूंनी संगिनी बाहेर काढल्या. छापखानेवाल्यांनी पट्टी लावली, फासे पडले, सेनापतींनी कागदावर गुणाकार केला आणि धडक एकतीस आल्याचे जाहीर केले. दंतवैद्य सवयीने आपले शिपाई डब्यात भरू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"घोड्यांना विचारलं का?"

"काय विचारायचं?" सेनापती म्हणाले.

"जाणार का, म्हणून."

छापखानेवाले हसले. दंतवैद्य हसले. सेनापतींनी हसल्यासारखा चेहरा केला. पण त्याच क्षणी स्वयंपाकघराच्या दारातून आणखी एक हसणे ऐकू आले, आणि सेनापतींच्या हातातला घोडा आडवा झाला.

ते हसणे त्यांच्या पत्नीचे होते. मेट्रनबाईंनी मोठ्या रुग्णालयात तीस वर्षे मेट्रन म्हणून काढली होती. त्यांच्या पावलांची चाहूल लागली की भलेभले शल्यविशारद कोटाची गुंडी लावत. नवऱ्याच्या या खेळाला त्या 'बाहुल्या' म्हणत, आणि सहाच्या ठोक्याला टेबल परत मागण्यापलीकडे त्यात लक्ष घालत नसत. चार वर्षांत त्या या खोलीत एकदाही हसल्या नव्हत्या. सेनापतींनी स्वतः केलेल्या विनोदांवर तर नाहीच नाही.

पागेवाल्यांनी मग गाल सांभाळत जे सांगितले, ते एवढेच. ज्याच्या पलीकडचे दिसत नाही अशा भिंतीवर घोडा जात नाही, मग ती भिंत दगडांची असो की माणसांची. खांद्याला खांदा लावून, संगिनी रोखून माणसे उभी राहिली, की भरधाव आलेला घोडा ऐनवेळी वळतो, नाही तर थांबतो. हल्ल्यात खरी टक्कर क्वचितच होते. उभे आहेत ते आधी कच खातात, की येत आहेत ते, एवढाच सवाल असतो, आणि त्याचा निकाल टक्कर होण्याआधीच लागतो. जिंकल्यावरही घोड्यांना दम लागतो आणि पुढचा बराच वेळ ते कामाचे राहत नाहीत. आणि घोडदळाला सगळ्यांत अवघड हुकूम कुठला, तर 'चला' नव्हे, 'थांबा'.

दंतवैद्यांनी खिशातले एक कार्ड काढून दिले, आणि पुढच्या भेटीची वेळ लिहायची त्या जागेच्या पाठीमागे पागेवाल्यांनी चार ओळींत नियम लिहून टाकला. आधी उभ्या असलेल्यांचा फासा, मग येणाऱ्यांचा. दोघांनीही कच खाल्ली नाही तरच झुंज. झुंज झाली की दोन डाव घोडे दमलेले. थांबायचे असेल तर पुन्हा फासा.

त्यांनी करून पाहिले. पहिल्या खेपेला घोडे वळले. दुसऱ्या खेपेला पायदळ फुटले. तिसऱ्या खेपेला घोडदळ जिंकले, पण थांबायला तयार होईना. नदी, टेकड्या, दंतवैद्यांचा चहाचा कप, सगळे मागे टाकून ते टेबलाच्या कडेपर्यंत गेले. छापखानेवाले उभे राहून पाहत होते. दंतवैद्य, ज्यांना चार वर्षे फक्त हरायची सवय होती, लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. आणि मेट्रनबाई चहाचा दुसरा फेरा घेऊन आल्या, तेव्हा ट्रेमध्ये निळा कप होता.

निळ्या कपाबद्दल सांगणे भाग आहे. एका मोठ्या संचातला तो एकटाच वाचलेला होता. तो कपाटात वरच्या फळीवर असे, आणि मेट्रनबाई त्यात स्वतः कधीतरी चहा घेत. दुसऱ्या कुणाला तो मिळाल्याचे सेनापतींना आठवत नव्हते. अडतीस वर्षांच्या संसारात तो त्यांना एकदाही मिळाला नव्हता. तो कप आता पागेवाल्यांच्या समोर ठेवला गेला. त्या संध्याकाळी सेनापतींनी तो नळाखाली धरून मोजून पाहिला. इतर कपांपेक्षा त्यात पाव कप जास्त मावत होते.

पुढच्या रविवारी मेट्रनबाईंनी पागेवाल्यांना आपला उजवा गुडघा दाखवला.

"अगं, ते घोड्यांचे डॉक्टर आहेत," सेनापती म्हणाले.

"गुडघा तो गुडघाच," मेट्रनबाई म्हणाल्या. "आणि घोडा तक्रार सांगत नाही, म्हणून त्यांना नुसतं बघून कळतं. तुम्हाला दोन वर्षं सांगतेय, तरी कळलंय का?"

पागेवाल्यांनी गुडघा दोन बोटांनी दाबून पाहिला, वाकवला, सरळ केला, आणि रोज सकाळी भिंतीला धरून करायचा एक व्यायाम सांगितला. आठवड्यात गुडघा सुधारला. सेनापतींनी हाच व्यायाम आपण गेल्या वर्षी सांगितला होता असे म्हणून पाहिले. तो दुसऱ्या पायाचा होता, असे त्यांना सांगण्यात आले.

तिसऱ्या रविवारी मेट्रनबाई खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या. त्यांना एक पथक हवे होते. सेनापतींनी त्यांना बारा तोफा देऊ केल्या. त्यांनी बारा घोडे मागून घेतले. पागेवाले त्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात सल्ला देत राहिले: घाई नको, दुडकीने चला, घोड्यांना दम खाऊ द्या, अर्धे मागे राखून ठेवा. चाळीस मिनिटांत सेनापतींच्या दोन्ही बगला मोडल्या. नंतरचे चार दिवस मेट्रनबाई बोलताना घोड्यांचेच शब्द वापरत होत्या. भाजीवाला भाव खाली आणीना, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा, खाईल कच." आणि त्याने खाल्ली.

सेनापतींचा जळफळाट आता लपण्यापलीकडे गेला होता. त्यांना जेवण जाईना. पागेवाल्यांचे मोठ्याने न बोलणे त्यांना ढोंग वाटू लागले, त्यांचे वाकून चालणे दिखाऊ वाटू लागले, आणि दाढेची जागा भरून आल्यावरही ते गालावर हात ठेवतात ते केवळ सहानुभूतीसाठी, अशी त्यांची खात्री झाली. सगळ्यांत वाईट हे, की माणूस वादच घालत नसे. सेनापतींनी काहीही म्हटले, की तो मान हलवून 'असेल' म्हणे.

आणि मग चौथ्या रविवारी छापखानेवाल्यांनी वही परत आणली. पहिली सहा प्रकरणे त्यांनी वाचून, शुद्धलेखन तपासून ठेवली होती. टाईप जुळवायला मंगळवारपासून बसणार होते.

"सातव्याचं काय?" सेनापतींनी विचारले.

छापखानेवाले आयुष्यभर उलटी अक्षरे वाचत आलेले होते. सरळ गोष्ट सरळ सांगणे त्यांना जड जाई. त्यांनी आधी कागदाचे वाढते भाव सांगितले. मग शाईचे. मग म्हणाले, "तुमची अकरा पानं आणि तीन कोष्टकं आहेत. कार्डावर चार ओळी आहेत. आमचं सगळ्यांचं म्हणणं पडलं, की कार्डच छापावं. वर 'पागेवाल्यांचा नियम' असं टाकू. बाकी पुस्तक तुमचंच की."

सेनापतींनी टेबलाकडे पाहिले. दंतवैद्य नदी पुसत होते. मेट्रनबाई सेनापतींकडे बघतच नव्हत्या. त्या पागेवाल्यांचा कप भरत होत्या.

"तुम्हा लोकांना पुढे दामटायला दुसरं कुणाचं घोडं सापडलं नाही वाटतं," सेनापती म्हणाले. मग घसा साफ करून त्यांनी आपला मुद्दा मांडला. घोडा भितो हे एक वेळ मान्य. पण घोड्यावर स्वार असतो. स्वाराचा निश्चय पक्का असेल, तर जनावर जाते, आणि समोरचेच फुटतात. निर्णय निश्चयाचा असतो, जनावराचा नव्हे.

"असेल," पागेवाले म्हणाले.

या एका शब्दाने पुढचे सगळे घडले. सेनापती उठून उभे राहिले आणि त्यांनी प्रयोगाचे आव्हान दिले. घराच्या मागची गल्ली जुन्या पाण्याच्या टाकीपासून उताराने खाली येते. टाकीपासून ते आपल्या सायकलवर बसून भरधाव येतील. खाली हे तिघे खांद्याला खांदा लावून उभे राहतील, संगिनी म्हणून छत्र्या रोखतील. रांग फुटली, तर सातवे प्रकरण अकरा पानांसकट, सेनापतींच्या नावाने. सेनापती वळले किंवा थांबले, तर कार्ड.

दंतवैद्यांनी वय काढून पाहिले. त्यांना समोरच्या माणसाने तोंड उघडे ठेवून गप्प बसण्याची सवय होती; सेनापती गप्प बसले नाहीत. छापखानेवाल्यांनी मंगळवारची घाई असल्यामुळे होकार दिला. पागेवाल्यांनी एवढेच विचारले, की सायकलचा ब्रेक चालतो ना. सेनापतींना हा प्रश्न अपमानाचा वाटला.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात त्यांनी ज्या तीन गोष्टी केल्या, त्यांतली प्रत्येक त्यांच्या दृष्टीने तर्काला धरून होती. सूत्रात वजन महत्त्वाचे; ते स्वतः अंगाने किरकोळ; म्हणून कॅरिअरवर खात्यातून निवृत्तीच्या वेळी मिळालेला बिडाच्या नळाचा तुकडा बांधला. वेग महत्त्वाचा, म्हणून दोन्ही चाकांना आणि साखळीला सढळ हाताने तेल पाजले. त्यातले काही ब्रेकच्या रबरांनाही मिळाले. आणि विजय मिळाल्याबरोबर वही छापखानेवाल्यांच्या हातात जागच्या जागी ठेवता यावी, म्हणून ती कापडी पिशवीत घालून पिशवी हँडलला अडकवली.

गल्लीत खालच्या बाजूला, उतरताना डाव्या अंगाला, खात्याने चर खणून ठेवला होता. नळ फुटून तीन दिवस झाले होते, चरात गढूळ पाणी साचले होते, आणि दुरुस्तीचा मनुष्य येणार येणार म्हणून येत नव्हता. त्या जागेवरून नळ नेऊ नये, असे सेनापतींनी बावीस वर्षांपूर्वी नकाशाच्या समासात बारीक अक्षरात लिहिले होते. समास कुणी वाचला नव्हता.

रांग लागली. उजवीकडे दंतवैद्य, मध्ये छापखानेवाले, डावीकडे पागेवाले. गल्ली थोडी रुंद निघाली. तिघांत ती भरेना, दोन्हीकडे वाट उरू लागली.

"सरका," असे म्हणून मेट्रनबाई आपली काळी छत्री घेऊन मागच्या दाराने बाहेर आल्या आणि रांगेच्या मधोमध उभ्या राहिल्या.

वरून, टाकीपासून, सेनापतींनी हाक मारली. "तू बाजूला हो."

"का? मी कच खाईन असं वाटतं?"

सेनापतींनी पायडलवर पाय ठेवला. पंच स्वतःच रांगेत उभा आहे, तेव्हा निकाल कोण देणार, हा प्रश्न कुणालाच सुचला नाही.

ते निघाले. प्रकरण सातवे, पान पहिले: प्रथम साधी चाल. टाकीची भिंत मागे पडली. पान दुसरे: मग दुडकी. कॅरिअरवरचा नळ ठणठणू लागला. एका खिडकीतून कुणीतरी डोकावले. पान तिसरे: शेवटच्या साठ पावलांत भरधाव. सेनापतींनी पायडल मारणे सोडले, कारण त्याची गरज उरली नव्हती. उतार, तेल आणि बीड ही तिन्ही मिळून आता सायकल चालवत होती. वारा कानांत शिरला. समोर चार छत्र्या दिसत होत्या, आणि सेनापतींनी मनाशी ठरवल्याप्रमाणे डोळे मिटायचे एवढेच बाकी होते. डोळे मिटलेला स्वार वळत नाही; हा त्यांचा गुप्त नियम होता, तो वहीतही नव्हता.

त्यांनी मिटले. आणि मग, पंधरा पावलांवर, एक डोळा उघडला.

सगळ्यांत आधी पागेवाले गेले. कसलीही घाई न करता, अतिशय नीटनेटकेपणाने त्यांनी एक पाऊल बाजूला टाकले आणि भिंतीला पाठ लावली. सव्वीस वर्षे सुटलेल्या घोड्यांच्या वाटेतून बाजूला होत आलेल्या माणसाचे ते पाऊल होते. ते पाहून छापखानेवाल्यांनी छत्री टाकली आणि समोरच्या दारात शिरले. दार त्यांच्या घराचे नव्हते. दंतवैद्य आधी मेट्रनबाईंच्या मागे गेले, मग तिथूनही गेले.

रांग फुटली होती. सेनापती जिंकले होते. फक्त मेट्रनबाई गल्लीच्या मधोमध, छत्री रोखून, दात आवळून उभ्या होत्या, आणि डोळे वटारून सरळ त्यांच्याकडे पाहत होत्या. अडतीस वर्षांत या नजरेसमोर सेनापतींचे एकही पाऊल पुढे पडले नव्हते. ब्रेक दाबला ते त्यांनी की त्यांच्या बोटांनी, हे पुढे कधीच ठरले नाही. रबर तेलकट होते. ब्रेक लागला नाही. हँडल मात्र वळले. डावीकडे.

चर चार फूट खोल होता. हे सेनापतींना पक्के ठाऊक होते. नकाशात ती खोली त्यांनीच काढली होती.

त्यांना वर काढायला तिघेही धावून आले, तेही इतक्या तत्परतेने, की जणू ते जागचे हललेच नव्हते. मेट्रनबाईंनी काठावरूनच हुकूम सोडले: मान हलवू नका, बोटं हलवा, आता पाय, आता उठा. उजवे मनगट मुरगळले होते, बाकी मोडतोड सायकलची होती. चेहऱ्यावरचा चिखल पुसून सेनापती पहिला शब्द बोलले, तो 'पिशवी' हा होता.

पिशवी बिडाच्या नळाखाली सापडली. वहीतून निळे पाणी गळत होते. नऊ वर्षे, सात प्रकरणे, तीन कोष्टके. पाने सुटी करून मागच्या अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावली, तेव्हा त्यांवर नुसते आभाळ उरले होते. कुठे 'तोफा', कुठे 'परंतु', कुठे अर्धवट गुणाकार. कोरडा राहिला होता एकच कागद. दंतवैद्यांच्या खिशातले कार्ड.

सेनापतींना हिरव्या घोंगड्यात गुंडाळून खुर्चीवर बसवले होते. रणांगण आता त्यांच्या अंगावर होते. तिघेही त्यांच्याभोवती उभे होते, आणि हल्ल्याच्या वेळी आपण कसे शेवटपर्यंत पाय रोवून होतो, हे एकमेकांना सांगत होते.

"तुमचे डोळे मिटलेले होते ना, सेनापती?" दंतवैद्यांनी मोठ्या आशेने विचारले.

सेनापतींनी तिघांकडे क्रमाने पाहिले. एक शब्द बोलले असते, तर सातवे प्रकरण त्यांचे होते. पण उघड्या डोळ्यांनी रांग फुटलेली पाहिली असेल, तर मग स्वार वळला का, हेही सांगावे लागले असते. निश्चयाच्या सिद्धांतात बायकोला जागा नव्हती.

"मिटलेले होते," ते म्हणाले.

"असेल," पागेवाले म्हणाले. पण या खेपेस त्यांनी जमिनीकडे पाहिले.

मग चहा आला. मेट्रनबाईंनी लंगडत ट्रे आणला. सेनापतींच्या समोर निळा कप ठेवला गेला, काठोकाठ भरलेला. पागेवाल्यांना कान तुटलेला मिळाला. सेनापतींनी डाव्या हाताने कप उचलला, तो पाव कप जास्तीचा चहा घोट घोट घेत संपवला, आणि वहीचे दुःख घोटागणिक हलके होत गेल्याचे त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटले. तिने पाहिले होते. कोण पळाले आणि कुणी तिच्यासाठी घोडे वळवले, ते तिने पाहिले होते.

तिघे दोरीपाशी गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "तू हलली नाहीस."

"नाही."

"मी वळणारच, अशी खात्री होती ना तुला?"

"कसली खात्री? गुडघा धरला."

सेनापतींनी कप खाली ठेवला.

"सगळ्यांत आधी मीच निघाले होते," मेट्रनबाई म्हणाल्या. "पहिलं पाऊल उचलायला गेले आणि जागच्या जागी धरला. त्यांचा व्यायाम करून करून."

"पण डोळे वटारून बघत होतीस."

"कळ आली होती हो."

"मग हा कप?"

"बाकीचे चिखलाच्या हातांनी घेतले त्या लोकांनी. हाच धुतलेला होता."

दोरीपाशी पाने सरळ करत असलेले पागेवाले एवढ्यात वळले. त्यांचे कान अजून पागेतल्यासारखे तिखट होते. ते जवळ आले, परवानगी घेऊन गुडघा दाबून पाहिला, आणि म्हणाले, "हे नियमात नाही."

"काय नाही?" छापखानेवाले पुढे झाले.

"ज्यांना पळताच येत नाही, त्यांचं काय. फासा टाकायचा कशाला? ते उभेच राहणार. आणि येणाऱ्याला काय कळतंय, की शूर आहेत की अडकलेत. तो वळणारच." ते पहिल्यांदाच इतके सलग बोलले होते. "कार्ड अपुरं आहे. माझं नाव नका घालू त्याच्यावर."

सेनापतींनी कान टवकारले.

पुस्तक पुन्हा लिहायला सहा रविवार लागले. मनगट बांधलेले असल्यामुळे सेनापती सांगत आणि मेट्रनबाई लिहीत. त्यांना लांबण आवडत नसल्यामुळे सहा प्रकरणांची निम्मी पाने कमी झाली, आणि ती वाचून छापखानेवाल्यांनी प्रथमच सेनापतींच्या लेखनाची स्तुती केली. सातव्या प्रकरणाला कार्डावरच्या चार ओळी आल्या. त्यांखाली पाचवी आली. माथ्यावर कुणाचे नाव घालायचे याविषयी सेनापतींनी आपण होऊन काही सुचवले नाही. पागेवाले माघारी फिरलेले होते, मैदान मोकळे होते, आणि सभ्य माणसाने अशा वेळी गप्प बसायचे असते. छापखानेवाल्यांनी 'बघतो' म्हटले. तेवढ्यावर सेनापती महिनाभर आनंदात होते.

पुस्तक आले त्या रविवारी सेनापतींनी ते दारातच उभे राहून उघडले. कुणीही लिहिली असती अशा पहिल्या सहा प्रकरणांवर त्यांचे नाव होते. त्यांनी पुढचे पान उलटले.

'प्रकरण सातवे. मेट्रनबाईंचा नियम,' असे तिथे ठळक अक्षरांत होते. आणि खाली, पाचवी ओळ: 'जे पथक जागचे हलूच शकत नाही, ते शूर मानावे.'

सेनापतींनी मान वर केली. टेबल मांडलेले होते. दंतवैद्य आणि पागेवाले एका बाजूला बसून पायदळ लावत होते. दुसऱ्या बाजूला, सेनापतींच्या खुर्चीवर, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस घोड्यांमागे मेट्रनबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या हाताशी निळा कप वाफाळत होता.

"दारात घोडं कुठं अडलं?" त्या म्हणाल्या. "या. तोफा तुमच्याकडे."